न्याय्य वाटणीचे गणित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलोपार्जित जमीन, आईचे दागिने, सामाईक विहिरीचे पाणी, सोसायटीच्या लिफ्टचा खर्च, बुडालेल्या पतसंस्थेतील ठेवी असे वाटणीचे प्रसंग वेगवेगळे असतात; मात्र भांडण बहुधा एकाच जागी अडते. मी पंचवीस वर्षे शाळेत गणित शिकवले. ‘मास्तर हिशेब नीट करतात’ एवढ्याच कारणासाठी नात्यागोत्यातल्या आणि शेजारपाजारच्या अनेक वाटण्यांच्या बैठकींना मला बोलावणे येत गेले. तिथे पुन्हा पुन्हा निघालेले प्रश्न आणि त्यांची मला पटलेली उत्तरे इथे मांडली आहेत.

वाटणी म्हणजे भागाकारच ना? त्यात एवढा विचार करण्यासारखे काय आहे?

भागाकार हा वाटणीचा शेवटचा आणि सर्वांत सोपा टप्पा आहे. जुन्या कागदांवर हिस्से आणे-पैंत लिहिलेले आढळतात. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे पूर्ण मालकीच्या १९२ पै होतात. तीन भाऊ असतील तर प्रत्येकी ५ आणे ४ पै आणि सहा असतील तर २ आणे ८ पै असे बिनचूक हिस्से पडतात. पाच भाऊ असले की मात्र चौघांना ३ आणे २ पै दिल्यावर पाचव्याकडे ३ आणे ४ पै राहतात, आणि त्या वरच्या दोन पै कोणाच्या नावे लावायच्या हे भागाकार सांगत नाही.

त्याहून मोठा प्रश्न आधीचा आहे. समजा आजोबांची १२ एकर जमीन आहे आणि त्यांचे दोन्ही मुलगे हयात नाहीत. एकाला एक अपत्य आहे, दुसऱ्याला तीन. शाखेनुसार वाटले तर एका नातवंडाला ६ एकर आणि उरलेल्या तिघांना दोन-दोन एकर मिळतात. डोईप्रमाणे वाटले तर चौघांनाही तीन-तीन एकर येतात. हिंदू वारसाहक्काविषयीच्या मिताक्षरा या जुन्या ग्रंथाच्या परंपरेने अशा ठिकाणी शाखा धरली आणि कायदाही तिकडेच गेला, पण म्हणून दुसऱ्या हिशेबात चूक आहे असे होत नाही. भागाकार दोन्हीकडे बरोबर आहे, फक्त भाजक वेगळा आहे. लोक बैठकीत आकड्यांवरून भांडताना दिसतात, तेव्हा ते बहुतेक वेळा भाजकावरून भांडत असतात आणि ते त्यांचे त्यांनाही उमगलेले नसते. भाजक कोणता धरला आणि का धरला हे उघड करून दाखवणे, इतकेच गणिताचे काम आहे, आणि ते काम लहान नाही.

चार भावांची सामाईक विहीर आहे आणि दर चौथ्या दिवशी एकेकाची पाळी येते. इतकी सरळ वाटणी असूनही कुरबूर का राहते?

हे आमच्याच भावकीत घडलेले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शेतीपंपाला वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळे. रात्रीची पाळी म्हणजे काय, हे जानेवारीच्या थंडीत हातात बॅटरी घेऊन ज्याने दारे धरली आहेत, म्हणजे पिकाला पाणी वळवले आहे, त्याला सांगावे लागत नाही. धाकटे चुलते दर वर्षी म्हणायचे की रात्र माझ्याच वाट्याला जास्त येते, आणि बाकीचे हसण्यावारी नेत, कारण पाळी तर सर्वांची चौथ्या दिवशीच यायची.

एका सुट्टीत मी वहीत २८ दिवस मांडले. पाळीचे चक्र चार दिवसांचे, विजेचे चक्र चौदा दिवसांचे आणि दोहोंचा लसावि २८, म्हणून तेवढ्या दिवसांत सगळा क्रम पूर्ण होऊन पुन्हा तसाच सुरू होतो. प्रत्येकाच्या सात पाळ्या आल्या. पहिल्या आणि तिसऱ्या भावाच्या सातपैकी चार पाळ्या दिवसा आणि तीन रात्री पडल्या, तर दुसऱ्या आणि चौथ्या भावाच्या तीन दिवसा आणि चार रात्री पडल्या. पुढचे २८ दिवस अगदी असेच, त्यापुढचेही असेच. वर्षात अशी तेरा चक्रे होतात, म्हणजे धाकट्या चुलत्यांनी वर्षाला ५२ रात्री दारे धरली आणि थोरल्यांनी ३९. वाटणीच्या वेळी कोणी लबाडी केली नव्हती. तरीही दोघांनी अनेक वर्षे दर वर्षी तेरा रात्री जास्त सोसल्या होत्या, आणि त्यांतला जो बोलला त्यालाच वर कुरकुऱ्या ठरवले गेले होते.

उपाय सोपा निघाला. दर २८ दिवसांनी सुरुवात एका भावाने पुढे सरकवायची. त्या वेळी पहिल्याला एकदाच तीन दिवस जास्त थांबावे लागते, पण दोन चक्रांत प्रत्येकाच्या सात पाळ्या दिवसा आणि सात रात्री होतात. दिवस सारखे वाटले म्हणजे कष्ट सारखे वाटले गेले असे नाही, हे मला त्या वहीने शिकवले. आणखी एक गोष्टही मी तेव्हापासून पाळत आलो आहे: बैठकीत एखादा माणूस सारखी तक्रार करत असेल, तर त्याच्या स्वभावाविषयी मत बनवण्याआधी त्याची तक्रार मोजून पाहायची.

‘न्याय्य’ वाटणी म्हणजे नेमके काय?

गणितज्ञांनी या एका शब्दाचे अनेक वेगळे अर्थ सुटे करून ठेवले आहेत. पहिला अर्थ हिश्श्याच्या हमीचा: तीन वाटेकरी असतील तर प्रत्येकाला, त्याच्या स्वतःच्या मोजमापाने, किमान एक-तृतीयांश मिळाले पाहिजे. दुसरा हेवा नसण्याचा: दुसऱ्या कोणाचाही वाटा मला माझ्या वाट्याहून चांगला वाटता कामा नये. तिसरा सारख्या समाधानाचा: प्रत्येकाला आपल्या मोजमापाने जितके मिळाले असे वाटते, ते प्रमाण, किंवा हिश्श्याहून जितके जास्त मिळाले ते, सर्वांचे सारखे असावे. आणि चौथा वाया न जाण्याचा: कोणाचेही नुकसान न करता एखाद्याचे भले करता येत असेल, तर ते करायचे राहून गेलेले नसावे.

‘त्याच्या स्वतःच्या मोजमापाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रस्त्याकडेचा एक एकर आणि नदीकाठचा एक एकर सर्वांना सारखा वाटत नाही, आणि तसा तो वाटलाच पाहिजे असा आग्रह हे गणित धरत नाही. उलट, मते वेगळी असतात म्हणूनच चांगली वाटणी शक्य होते. हे चारही अर्थ दर वेळी एकत्र साधत नाहीत, हे पुढच्या उदाहरणांत दिसेलच.

एकाने वाटे करावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावे, ही घरगुती पद्धत खरोखर न्याय्य आहे का?

दोघांसाठी आहे. वाटे करणारा दोन्ही वाटे आपल्या दृष्टीने सारखेच ठेवील, कारण कोणता राहील ते त्याला ठाऊक नसते. उचलणारा तर आवडेल तोच उचलणार. दोघांनाही हिश्श्याची हमी मिळते आणि हेव्याला जागा राहत नाही. तरीही दोघांची स्थिती सारखी नसते. वाटे करणाऱ्याला त्याच्या मते बरोबर निम्मे मिळते, उचलणाऱ्याला निम्म्याहून जास्तही मिळू शकते. त्यामुळे थोरल्याने वाटे करून धाकट्याला आधी उचलू देणे हा नुसता प्रेमळपणा नाही. तो धाकट्याला दिलेला मोजता येण्याजोगा लाभ आहे.

तीन वाटेकरी आले की ही पद्धत अपुरी पडते. पोलंडचे गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउस यांना दुसऱ्या महायुद्धात नाव बदलून लपून राहावे लागले होते. त्या युद्धकाळातच त्यांना तिघांसाठीची रीत सापडली, आणि कितीही वाटेकऱ्यांसाठीचा प्रश्न त्यांनी ब्रॉनिस्लाव क्नास्टर आणि श्टेफान बानाख यांच्यापुढे ठेवला. त्या दोघांनी काढलेली रीत गावच्या बैठकीतही सांगता येईल इतकी सोपी आहे. पहिला माणूस आपल्या मते योग्य असा एक वाटा काढतो. तो वाटा क्रमाने सर्वांच्या हातून जातो, आणि ज्याला तो जास्त वाटेल त्याने त्यातून आपल्या मते जास्तीचे तेवढे काढून परत ढिगात टाकायचे. शेवटी ज्याने छाटणी केली त्यानेच तो वाटा घ्यायचा. कोणीच छाटला नाही तर पहिल्याने घ्यायचा. मग उरलेल्यांत पुन्हा तेच. ही रीत १९४८ मध्ये स्टाइनहाउस यांच्या लेखातून जगापुढे आली.

यात हिश्श्याची हमी प्रत्येकाला मिळते, पण हेवा उरू शकतो, कारण आधी वाटा घेऊन बाजूला झालेल्याला नंतरच्यांची वाटणी पाहून हळहळ वाटू शकते. तिघांमध्ये हेवाही राहू नये अशी रीत १९६०च्या सुमारास जॉन सेल्फ्रिज आणि जॉन कॉनवे यांनी स्वतंत्रपणे शोधली. कितीही वाटेकऱ्यांसाठी, ठरावीक टप्प्यांत नक्की संपणारी रीत मात्र हॅरिस अझीझ आणि सायमन मॅकेंझी यांना २०१६ मध्येच सापडली, आणि तिच्यात लागू शकणाऱ्या टप्प्यांची कमाल संख्या इतकी अवाढव्य आहे की ती प्रत्यक्षात कोणी वापरणार नाही. प्रत्येकाला त्याचा हिस्सा पोचवणे जमण्यासारखे आहे, पण कोणाच्याच मनात हेवा उरू न देणे हे फार अवघड काम आहे, हे यावरून कळते. भावकीत वडीलधाऱ्यांना ते जमले नाही तर त्यांना दोष देताना मी हे लक्षात ठेवतो.

घर एकच आहे आणि भावंडे तीन आहेत. घराचे तुकडे कसे करणार?

यासाठी क्नास्टर यांचीच बंद पाकिटांची रीत आहे. प्रत्येकाने घराची आपल्याला वाटणारी किंमत चिठ्ठीवर लिहून द्यायची. समजा थोरल्याने ६० लाख, मधल्याने ५१ लाख आणि बहिणीने ४२ लाख लिहिले. स्वतःच्या मोजमापाने त्यांचे हिस्से अनुक्रमे २०, १७ आणि १४ लाख झाले. घर थोरल्याला मिळते आणि तो आपल्या हिश्श्यावरचे ४० लाख मध्यभागी ठेवतो. त्यातून मधला १७ आणि बहीण १४ लाख घेते, ९ लाख उरतात आणि ते तिघांत तीन-तीन लाख वाटले जातात. शेवटी थोरला ३७ लाख देऊन घर घेतो, मधल्याला २० लाख आणि बहिणीला १७ लाख मिळतात. प्रत्येकाला, त्याच्या स्वतःच्या हिशेबाने, हिश्श्यापेक्षा तीन लाख जास्त मिळाले.

कागदावर हे सुरेख दिसते. पण बहिणीच्या जागी बसून पाहावे. मधल्या भावालाही घर मिळाले नाही आणि तिलाही नाही, तरी त्याला २० लाख आणि तिला १७ लाख, केवळ तिने चिठ्ठीवर कमी आकडा लिहिला म्हणून. समाधान सारखे झाले, पण हेवा शिल्लक राहिला. त्याच ३७ लाखांतून दोघांना साडेअठरा-साडेअठरा लाख दिले तर कोणालाच दुसऱ्याचा वाटा बरा वाटत नाही. मात्र मग मधल्याला त्याच्या हिशेबापेक्षा दीड लाख जास्त आणि बहिणीला साडेचार लाख जास्त मिळतात, म्हणजे समाधान सारखे राहत नाही. दोन्ही वाटण्या ‘न्याय्य’ आहेत, फक्त न्यायाचे अर्थ वेगळे आहेत. मला विचाराल तर मी दुसरी वाटणी सुचवीन. ज्याच्या खिशात पैसा कमी त्याचा हात चिठ्ठीवर मोठा आकडा लिहायला धजत नाही हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या संकोचाची किंमत त्याच्याच वाट्यातून कापली जावी हे मला पटत नाही.

आईच्या वस्तू दोन बहिणींत वाटायच्या आहेत. त्यांची बाजारभावाने किंमत करणे बरोबर वाटत नाही. मग काय करावे?

प्रत्येकीने आपल्याजवळचे १०० गुण वस्तूंवर वाटावेत. ही पद्धत स्टीव्हन ब्रॅम्स आणि ॲलन टेलर यांनी १९९०च्या दशकात मांडली. सतरंजीवर चार गोष्टी ठेवल्या आहेत असे समजू: पाटल्यांची जोडी, ठुशी, एक पैठणी आणि शिलाई मशीन. थोरलीने पाटल्यांना ४०, ठुशीला ३०, पैठणीला २० आणि मशीनला १० गुण दिले. धाकटीने मशीनला ५५, पाटल्यांना ३०, ठुशीला ८ आणि पैठणीला ७ दिले. सोनाराच्या आणि भंगारवाल्याच्या हिशेबात त्या जुन्या मशीनला काहीच किंमत नाही. पण धाकटी त्याच मशीनवर आईजवळ बसून शिवण शिकली असेल आणि आज त्यावर तिचे घर चालत असेल, तर ५५ हा आकडा मला मुळीच जास्त वाटत नाही.

आधी प्रत्येक वस्तू जिने जास्त गुण दिले तिला द्यायची. थोरलीकडे पाटल्या, ठुशी आणि पैठणी मिळून ९० गुण झाले, धाकटीकडे मशीनचे ५५. आता थोरलीकडची जी वस्तू दोघींना साधारण सारखीच प्रिय आहे, म्हणजे पाटल्या, तिच्यातून भाग धाकटीकडे सरकवायचा. जोडीतली एक पाटली दिली की थोरलीचे ७० आणि धाकटीचेही ५५ अधिक १५ म्हणजे ७० होतात. दोघींनाही निम्मे नव्हे, तर आपापल्या मनाने शंभरातले सत्तर मिळाले, आणि आईची एकेक पाटली दोघींच्या हातात राहिली.

दोघींपैकी एकीला दुसरीचे गुण आधीच कळले तर खोटे आकडे लिहून जास्त मिळवता येते, हा या पद्धतीचा दोष आहे. म्हणून दोघींनी एकाच वेळी, एकमेकींना न दाखवता लिहावे.

तळमजल्यावरच्या सभासदाने लिफ्टचा खर्च का द्यावा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टची देखभाल-दुरुस्ती आणि ती चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांवर, ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत, सारखा पडतो. ते मासिक बिल एकदा नीट वाचून पाहावे. सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला सारखे, पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार आणि आकारानुसार, दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात. एकाच कागदावर न्यायाच्या तीन निराळ्या कल्पना शेजारी शेजारी नांदत असतात.

लिफ्टसाठी वेगळी कल्पना गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांच्या १९५३च्या लेखातून निघते. समजा तळमजला आणि वर तीन मजले आहेत, प्रत्येक मजल्यावर एक घर आहे, आणि लिफ्ट पहिल्या मजल्यापर्यंत न्यायला ६ लाख, दुसऱ्यापर्यंत ८ लाख आणि तिसऱ्यापर्यंत ९ लाख खर्च येतो. पहिले ६ लाख वरच्या तिन्ही घरांच्या कामी येतात, म्हणून प्रत्येकी २ लाख. पुढचे २ लाख दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याचे, प्रत्येकी १ लाख. शेवटचा १ लाख एकट्या तिसऱ्याचा. अशा रीतीने पहिल्या मजल्याला २, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ४ लाख आणि तळमजल्याला शून्य येते. सारखी वाटणी केली असती तर चौघांनाही सव्वादोन लाख आले असते. विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च लहानमोठ्या विमानांवर कसा बसवावा, हा प्रश्न १९७०च्या दशकात याच रीतीने सोडवून दाखवला गेला.

मग उपविधी चुकीचे आहेत का? मला तसे वाटत नाही. शॅप्लींच्या रीतीत एक अट गृहीत आहे: ज्याच्यामुळे खर्चात काहीच भर पडत नाही त्याने काही देऊ नये. तळमजल्याचे घर असे ‘शून्य’ आहे का, हाच तर वाद आहे. गच्ची आणि पाण्याची टाकी सर्वांची असते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे दुखतात यात त्यांचा दोष नसतो. शिवाय कोण किती वेळा चढले-उतरले याची मोजदाद सुरू झाली की शेजारपण संपते. सारख्या वाटणीत थोडा अन्याय पत्करून ती मोजदाद टाळलेली आहे. हे कारण वार्षिक सभेत स्पष्ट सांगितले गेले, तर तळमजल्यावरच्या सभासदाला निदान आपले म्हणणे कोणी ऐकले असे वाटेल.

देणी जास्त आणि शिल्लक कमी असेल, तर तोटा कसा वाटावा?

सर्वांना देण्याच्या प्रमाणात, हे उत्तर आपल्या तोंडी पटकन येते, पण ते एकमेव उत्तर नाही. ज्यू लोकांच्या तालमूद या प्राचीन ग्रंथात एक कोडे आहे. एका माणसाच्या तीन पत्नींचे विवाहकरारानुसार १००, २०० आणि ३०० असे येणे आहे. शिल्लक १०० असेल तर तिघींना सारखे. ३०० असेल तर ५०, १०० आणि १५०. पण २०० असेल तर ५०, ७५ आणि ७५. कधी सारखे, कधी प्रमाणात आणि मधेच हे तिसरेच काय, यावर अभ्यासकांनी शतकानुशतके डोके लढवले. रॉबर्ट ऑमन आणि मायकेल मॅशलर यांनी १९८५ मध्ये तिन्ही ओळींमागचा एकच नियम दाखवला: कोणत्याही दोघींना मिळून जे आले, त्यातला ज्यावर दोघींचाही दावा आहे तेवढाच भाग निम्मा-निम्मा करायचा. दोनशेच्या ओळीत पहिल्या दोघींना मिळून १२५ आले. पहिलीचा दावा शंभरापलीकडे जात नाही, म्हणून वरचे २५ निर्विवाद दुसरीचे; वादातले १०० निम्मे केले की ५० आणि ७५ होतात.

आपल्याकडच्या बँक ठेवींवरच्या विम्याची मर्यादा २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख झाली. त्यातही असाच एक निवडलेला न्याय आहे: ठराविक रकमेपर्यंत प्रत्येकाचे पूर्ण वाचवायचे, त्यापुढचा धोका मोठ्या ठेवीदाराने सोसायचा. पतसंस्थांतल्या ठेवींना हा विमा लागू नाही, आणि तिथे मुलीच्या लग्नासाठी साठवलेले ऐंशी हजार आणि व्यापाऱ्याचे ऐंशी लाख एकाच टक्क्याने बुडतात तेव्हा ‘प्रमाणात’ हा शब्द किती कठोर असू शकतो ते कळते.

पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटावे की माणसांच्या?

या प्रश्नावर महाराष्ट्रात कागदावर नव्हे, तर शिवारात प्रयोग झालेला आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात काम सुरू केले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीने भाजकच बदलला. पाण्याचा हक्क एकरामागे न ठेवता माणसामागे अर्धा एकर भिजेल इतका आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरता ठेवला. भूमिहीनांनाही हक्क दिला. ऊस लावायचा नाही असे ठरवले. आणि योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थींनी उभा करायचा होता.

फरक किती पडतो ते पाहू. तीन कुटुंबे घ्या: पहिल्याकडे ३२ एकर आणि ४ माणसे, दुसऱ्याकडे ८ एकर आणि ७ माणसे, तिसरे भूमिहीन आणि ९ माणसांचे. एकूण पाणी १० एकर भिजवण्यापुरते आहे. जमिनीच्या प्रमाणात वाटले तर ८, २ आणि ०. डोईप्रमाणे वाटले तर २, साडेतीन आणि साडेचार. पाणी पंचायतीच्या नियमाने २, अडीच आणि अडीच, आणि तीन एकरांचे पाणी राखीव उरते. ‘पाणी सर्वांना समान’ ही घोषणा या तिन्ही ओळींखाली लिहिता येते, म्हणूनच घोषणा ऐकली की मी पहिल्यांदा विचारतो: समान, पण कशामागे?

धुळे आणि नाशिक भागातल्या जुन्या फड पद्धतीने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला होता. बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत विभागलेले असे, एका फडात एकच पीक घेतले जाई, आणि पाणी किती आहे ते पाहून कोणते फड भिजवायचे आणि कोणते पड ठेवायचे हे गाव ठरवी. ज्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे, त्यांच्यात टंचाईचा भार आपोआप वाटला जाई. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला दर वर्षी नव्याने न्याय करावा लागत नसे. जमिनीच्या मांडणीतच तो करून ठेवलेला असे.

चिठ्ठ्या टाकल्या की प्रश्न मिटत नाही का?

वाटे आधीच सर्वांच्या मते सारखे केलेले असतील तर मिटतो. लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी उचलायची आपली पद्धत त्यासाठी उत्तम आहे, कारण तिथे कोणाचे वजन चालत नाही. वाटे असमान असतील, तर चिठ्ठी अन्याय दूर करत नाही. तो कोणावर होणार एवढेच ठरवते.

बहीण राजीखुशीने हक्क सोडत असेल, तर त्यात गणिताने नाक का खुपसावे?

महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि केंद्राचा बदल लागू झाला त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात नसले तरीही मुलीचा हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही हक्कसोडपत्रांवर बहिणींच्या सह्या होतच आहेत. त्यांतल्या काही खरोखर प्रेमाच्या असतात. पण कोणत्या, हे कसे ओळखायचे?

गणितज्ञ जॉन नॅश यांनी १९५० मध्ये वाटाघाटींचे जे गणित मांडले, त्यात एक साधी पण महत्त्वाची गोष्ट आहे: बोलणी फिसकटली तर कोणाच्या हाती काय राहते, यावर बोलण्यांचा शेवट बराच अवलंबून असतो. इथे बोलणी फिसकटली तर भावाच्या ताब्यात जमीन राहतेच. बहिणीचे माहेर मात्र जाते: दिवाळीचे बोलावणे, आईची खोली, भाच्यांची सुट्टी. इतक्या असमान जागांवरून झालेल्या कराराला दोघांची संमती आहे, एवढ्यावरून तो न्याय्य ठरत नाही. भाऊ वाईट असतो असे मी म्हणत नाही. पुष्कळदा त्याला ही असमानता दिसलेलीच नसते, कारण तो तिच्या चढत्या बाजूला उभा असतो.

म्हणून बैठकीत माझी एकच विनंती असते. सही आजच नको. आधी सातबाऱ्यावर सर्व वारसांची, बहिणीसकट, नोंद होऊन फेरफार मंजूर होऊ द्या, आणि हक्कसोडपत्राचा विषय पुढची दिवाळी झाल्यावर काढा. त्या एका वर्षात तिचे नाव कागदावर असते, आणि माहेरचे दार तिला पूर्वीसारखेच उघडे आहे का हे तिला कळलेले असते. एका घरात असे वर्ष गेल्यावर बहिणीने आपणहून अर्धा हिस्सा भावाला सोडला आणि विहिरीजवळचा अर्धा स्वतःकडे ठेवला. आज तिथे तिची डाळिंबे आहेत, आणि पाण्याची तिची पाळी तिचा भाऊच सांभाळतो.